तांबूचा गळा दगडासारखा झालाय, उलटी धरून पिळू का?

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळ राहतो. घरामागे पाच कोंबड्या आहेत. त्यातली तांबू ही गिरिराज जातीची, दोन वर्षांची. मुलीने पिल्लू असल्यापासून वाढवली आहे, त्यामुळे तिला कापायचा प्रश्नच येत नाही. गेल्या आठवड्यात माळ्यावरची जुनी काथ्याची गादी खाली काढून फाडली, तेव्हा ही दिवसभर त्यात चोच मारत होती. परवापासून अंग फुगवून कोपऱ्यात बसते. दाणे टाकले की येते, दोन-चार टिपते, मान वाकडीतिकडी करते आणि परत जाऊन बसते. गळ्याखाली मोसंब्याएवढा टणक गोळा लागतो. शिट अगदी थोडी, हिरवट आणि पातळ. सासूबाई म्हणतात, पायाला धरून उलटी कर आणि गळा पिळ, सगळं बाहेर पडेल. मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधलाय, त्यात एक बाई ब्लेडने गळा कापून आतलं गवत काढते आणि घरच्या सुई-दोऱ्याने शिवते. जवळच्या डॉक्टरांना फोन केला तर ते हसले आणि म्हणाले, दुसरी कोंबडी आणा. एरंडेल पाजलं तर चालेल का? काहीतरी घरच्या घरी करता येईल असं सांगा. आणि या दिवसांत अंडी खायची की नाही?

उत्तर : ताई, उलटी धरू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच घरात सगळ्यांना सांगून टाका.

तांबूची चोच हलकेच उघडून बघा. जिभेच्या मुळाशी एक उभी फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिकेची वाट. आपल्या घशात गिळताना या वाटेवर झाकण पडतं, कोंबडीला ते झाकण नसतं. उलटी धरून गळा पिळला की आतलं आंबलेलं पाणी वर येतं आणि नेमकं त्या फटीवर येतं. कोंबडी तिथल्या तिथे गुदमरते. नाहीतर त्या वेळेपुरती सावरते आणि दोन-तीन दिवसांत फुप्फुसाला सूज येऊन जाते, मग घरातले हळहळतात की गळा तर मोकळा झाला होता, मग गेली कशाने. सासूबाईंचा सल्ला अगदीच हवेतला नाही हेही सांगते. पिशवीत नुसतं पाणी साठलेलं असेल तर उलटं धरल्यावर ते भसाभस पडतं आणि कोंबडी लगेच हलकी वाटते. कुणीतरी कधीतरी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून हा उपाय गावोगाव टिकून आहे. पण तांबूच्या गळ्यात काथ्या असेल तर तो या वाटेने वर येणारच नाही. येईल ते फक्त त्याच्या भोवतीचं पाणी.

आता तो गोळा कशाचा आहे ते आधी ठरवू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा थेट पोटात न जाता मानेच्या बुडाशी, छातीच्या जरा उजव्या अंगाला, कातडीखालच्या एका पातळ पिशवीत थांबतो. तिथे भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. पुढे पाचक रस सुटणारं लहान जठर आणि त्यापुढे स्नायूंचं जाड जठर, दुकानात कलेजीबरोबर पेठा म्हणून मिळतं ते. खरं दळण तिथे होतं, गिळलेल्या खड्यांच्या जोरावर. संध्याकाळी खुराड्यात जाताना गळ्याची पिशवी टम्म असणं हे तर चांगल्या तब्येतीचं लक्षण. ती रात्रभरात रिकामी होते आणि सकाळी, दाणा टाकायच्या आधी हात लावला तर तिथे काहीच लागत नाही. संध्याकाळी गोळा लागला म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात, आणि सकाळचा गोळा आठवडाभर कुणाच्या लक्षातच येत नाही असेही पुष्कळ.

म्हणून आज दिवे लागायच्या वेळी तांबूला वेगळी करा, समोरचे दाणे उचला, पाणी राहू द्या. उद्या उजाडताच हात लावा. तिच्या आधी बाकीच्या चौघींच्या गळ्याला हात लावून बघा, म्हणजे रिकामी पिशवी कशी लागते हे बोटांना कळेल आणि मग तांबूच्या गळ्यातला फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

गोळा टणक किंवा घट्ट मळलेल्या पिठासारखा लागला, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला किंवा आत धागे धागे जाणवले, तर गळा तुंबला आहे. हाताखाली डुचमळणारं पाणी लागलं आणि चोचीजवळ नाक नेल्यावर शिळ्या ताडीसारखा आंबट वास आला, तर आत बुरशी वाढली आहे. कोंबडीच्या अंगात 41 अंशांच्या आसपास ऊब असते, तिथे दोन दिवस अडकलेलं धान्य न आंबलं तरच नवल. ही बुरशी बहुतेक वेळा कँडिडा जातीची असते आणि तिच्यावर डॉक्टरांचं बुरशीनाशक लागतं, तेल-मालिश उपयोगाचं नाही. तिसराही एक प्रकार आहे: पिशवीचे स्नायूच सैल पडतात आणि ती छातीसमोर लोंबते, कोंबडी चालली की झुलते. तो एका दिवसात होत नाही आणि पुरता बराही होत नाही, सांभाळून घ्यावा लागतो. तुमच्या वर्णनात तो दिसत नाही, म्हणून सोडून देते.

एक गोष्ट मात्र सोडून देता येणार नाही. मान वाकडी करणं आणि हिरवी पातळ शिट, ही दोन्ही लक्षणं मानमोडीतही असतात, म्हणजे राणीखेत. त्यामुळे नीट बघा. गळा तुंबलेली कोंबडी घास गिळल्यावर मान ताणते, पिळते, आणि थोड्या वेळात सरळ करते. मानमोडीत मान वळलेलीच राहते, कधी डोकं पार उलटं पाठीवर जातं, पाय-पंख लुळे पडतात, श्वासाला घरघर असते आणि एक पडली की मागोमाग दुसरी पडते. चौघी खात-पीत, उकरत असतील आणि कळपाला लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, डोस वेळेवर झालेला असेल, तर मला मानमोडीची फार शंका येत नाही. तुमच्या तांबूची हिरवी शिट बहुधा उपाशीपणाची आहे, पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं. पण दुसरी एखादी कोंबडी मलूल झाली, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

अंडं अडकलंय का, हेही एकदा बघून घ्या. तसं असेल तर कोंबडी शेपूट खाली टाकून, ताठ उभी राहून सारखी कुंथते, आणि गळ्यापेक्षा मागच्या बाजूला त्रास दिसतो. तिने शेवटचं अंडं कधी दिलं हे मुलीला विचारा, तिला नक्की आठवत असेल.

धरून चालू की गळा तुंबलाय आणि आत काथ्या आहे. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. लांब गवत, कोरडी मका, भाताची तूस असं काही अडकलं असेल तर घरच्या उपायाने बऱ्याच कोंबड्या मोकळ्या होतात. काथ्याचं तसं नाही. तो भिजून विरघळत नाही, पेठ्यात दळला जात नाही, आणि त्याचे धागे एकमेकांत गुंतून जाळं झालं की नंतर खाल्लेला प्रत्येक दाणा त्यात अडकतो. तेलाने काथ्या वितळत नाही, फार तर निसरडा होतो. थोडा असेल तर सरकेल, मोठा बोळा असेल तर नाही सरकणार. त्यामुळे घरचा प्रयत्न जरूर करा, पण त्याला दोन सकाळींची मुदत द्या.

आधी चोच पुन्हा एकदा उजेडात उघडा आणि जिभेखाली बघा. काथ्याचा किंवा गादीच्या सुतळीचा धागा जिभेच्या मुळाला गुंडाळलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक खाली पिशवीत असतं, असंही होतं. दिसला तर ओढू नका. ओढल्याने आतली नळी चिरते. बाहेरचं टोक कापायचीही घाई नको, तसाच डॉक्टरांना दाखवा. असा धागा दिसला तर घरचा उपाय तिथेच थांबला.

धागा नसेल तर तांबूला घरात एका खोक्यात ठेवा. खाली वर्तमानपत्र. पेंढा नको, भुसा नको, पोत्याचा तुकडा नको, ती तेही टिपेल. कागदामुळे शिट किती आणि कशी झाली तेही कळतं. चोवीस तास घट्ट खाणं बंद, त्यापेक्षा जास्त उपास मात्र नाही, कारण ती आधीच दोन दिवस अर्धपोटी आहे. पाणी सतत समोर हवं. ती पीत नसेल तर कोमट पाणी ड्रॉपरने द्यायचं, आणि देण्याची पद्धत नीट लक्षात घ्या: चोच उघडून घशात पिचकारी मारायची नाही. ड्रॉपर चोचीच्या कडेला टेकवून एक-एक थेंब सोडायचा, तो ती आपसूक ओढून घेते. गिळली की पुढचा थेंब. एका वेळी चमचाभर पाणी पुरे.

तेल खोबरेलच द्या, घरात असतंच. पातळ तेल पाजण्यापेक्षा मला एक सोपी युक्ती आवडते. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. ताटलीत पातळ थर ओतून फ्रीजमध्ये ठेवा आणि थिजल्यावर वाटाण्याएवढे तुकडे करा. पुष्कळ कोंबड्या ते खोबऱ्याचे कण समजून स्वतःच टिपतात. नाही टिपले तर चोच उघडून जिभेवर मागच्या बाजूला एक तुकडा ठेवायचा आणि चोच मिटायची. घट्ट असल्यामुळे तो श्वासनलिकेत ओघळत नाही, हा त्यातला मोठा फायदा. चार-पाच तुकडे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. थिजवणं जमत नसेल तर अर्धा चहाचा चमचा तेल, पण पाण्यासारखंच, थेंबाथेंबाने.

तेल दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मालिश. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. तांबूला जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळा आणि मांडीवर घ्या, तिची पाठ तुमच्या पोटाला आणि तोंड पुढे. डोकं वरच राहिलं पाहिजे. ती शांत होईपर्यंत काहीच करू नका. मग उजवा हात तिच्या मानेखालून घालून गोळा तळव्यात अलगद तोला. अंगठा आणि दोन बोटांनी कडेकडेने सुरुवात करा. मधोमध दाबायचं नाही. कणीक मळतो तसा जोर लावलात तर पातळ पिशवी फाटेल. कडेचं थोडं मऊ झालं की तेवढंच चिमटीत धरून सुटं करायचं, मग जरा आत सरकायचं. बोटं चोचीकडे ढकलणारी नकोत. गोळा फोडायचाय, बाहेर काढायचा नाही. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या वेळी तुम्हाला वाटेल की काहीच होत नाहीये. तिसऱ्या वेळी बहुतेकांना कडा सैल झाल्याचं हाताला कळतं.

मालिश करताना चोचीत पाणी आलं, ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा तुरा जांभळा पडला तर तत्क्षणी हात काढा आणि तिला जमिनीवर सरळ उभी करा. रात्री तिला छळू नका. झोपू द्या.

एरंडेल नको. ते गळ्यासाठी नाही, आतड्यासाठी आहे. वरची वाट बंद असताना खाली जुलाब लावून तिच्या अंगातलं पाणी तेवढं जाईल. कुणी मोरचूद सुचवेल. बुरशीसाठी जुनी मंडळी तो पाण्यातून द्यायची, पण त्याचं माप जरा चुकलं की विषबाधा होते, आणि घरात बोटाच्या चिमटीने माप कधी बरोबर येत नसतं. लाल पाणी, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, भांडी धुवायला ठीक आहे, तुंबलेल्या गळ्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. दुधात भिजवलेला पाव देऊ नका, तो आत फुगून चिकट लगदा होतो. गूळपाणीही नको, वास आंबट येत असेल तर मुळीच नको, गोडावर बुरशी फोफावते. सफरचंदाच्या व्हिनेगरचं सध्या फारच कौतुक चाललंय. माझा त्यावर भरवसा नाही, आणि काथ्याला तर व्हिनेगर काय करणार.

पहिल्या सकाळी गोळा निम्म्यावर आला, मऊ झाला किंवा कागदावर तपकिरी, वर पांढरी टोपी असलेली शिट दिसली, तर गाडी रुळावर येतेय. तेच आणखी एक दिवस चालू ठेवा आणि चोवीस तास झाल्यावर थोडं मऊ खाणं सुरू करा. दुसऱ्या सकाळी गोळा जसाच्या तसा असेल तर तेल-मालिश बंद करून डॉक्टर गाठायचे. ती उभी राहत नसेल, पाजलेलं पाणी चोचीतून परत येत असेल किंवा दिवसभरात शिटच झाली नसेल तर दुसऱ्या सकाळचीही वाट पाहू नका. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. ते सुरीच्या धारेसारखं टोकदार लागत असेल तर ती तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बऱ्याच आधीपासून उपाशी आहे आणि हाताशी वेळ कमी आहे.

आता तो व्हिडिओ. मुलाला सांगा, शोधाशोध केल्याबद्दल शाबासकी, पण ब्लेड परत जागेवर ठेव. गळा उघडून आतलं काढणं ही खरी शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टर ती करतात. काथ्याच्या बोळ्यावर शेवटी तोच उपाय असतो. पण तिथे दोन थर असतात: वर कातडी आणि आत पिशवीची भिंत. दोन्ही वेगवेगळ्या शिवाव्या लागतात, आतल्या भिंतीला विरघळणारा टाका लागतो. घरच्या दोऱ्याने दोन्ही एकत्र शिवले की चार दिवसांत टाक्यातून दाणा-पाणी बाहेर झिरपायला लागतं. शिवाय भूल. कोंबडी ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही असं नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणं दाखवून चालत नाही, ती शेवटपर्यंत गप्प बसते. व्हिडिओत टाके घालून झाल्यावर कोंबडी उठून चालताना दाखवतात, पंधरा दिवसांनी काय झालं ते फारसं कुणी दाखवत नाही.

डॉक्टर हसले त्याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते पत्रातून कळतं. मात्र त्यांच्या बाजूने एक सांगते. त्यांचा कोंबड्यांशी संबंध येतो तो हजारोंच्या शेडमध्ये. तिथे एका कोंबडीवर उपचार हा प्रकारच नसतो, एकीला बघतात ते बाकीच्यांना वाचवण्यासाठी. म्हणून फोनवर ‘कोंबडी आजारी आहे’ असं न म्हणता ‘घरात पाळलेली आहे, खायची नाही, खर्च मी देईन, गळा तुंबलाय आणि बहुधा उघडावा लागेल’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. पुष्कळदा उत्तर बदलतं. तेही नाही जमलं तर पोपट, लव्हबर्ड बघणारे डॉक्टर शोधा. पाखराला भूल कशी द्यायची हे त्यांना माहीत असतं, आणि गिरिराज तर त्यांच्या नेहमीच्या पेशंटांपेक्षा कितीतरी मोठी. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. ते मुख्यतः गाई-म्हशींसाठी धावतात, पण जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारायला हरकत नाही. अगदीच वेळ आली तर तुम्हाला कुंभार्ली घाट चढून साताऱ्यावरून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पल्ला लांबचा आहे, आधी फोन करून पाखरं बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारूनच निघा. नेताना टोपलीत कागद अंथरा, आणि दोन दिवसांत काय काय पाजलं ते कागदावर लिहून न्या. ‘थोडं तेल दिलं’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

डॉक्टरांना आणखी एक विचारा: गळा तुंबला तो फक्त काथ्यामुळे, की आतच काही बिघाड होता? कारण निरोगी कोंबडी सहसा काथ्याला चार चोची मारून सोडून देते. इतकं खाल्लं म्हणजे भूक भागत नव्हती, किंवा जंत आहेत, किंवा पुढे पेठ्यातच काही अडकलंय. मरेक्स नावाच्या रोगात गळ्याची नसच निकामी होते आणि पिशवी रिकामी होणं थांबतं. तो बहुतेक कोवळ्या वयात होतो, त्यामुळे दोन वर्षांच्या तांबूला मी त्याच्या यादीत खाली ठेवीन. जंतांसाठी शिट तपासता येते, ताजी शिट डबीत घालून न्या.

गळा मोकळा झाला, घरी किंवा डॉक्टरांकडे, की लगेच मूठभर मका टाकू नका. मुलीला आवरावं लागेल, ती लाडाने टाकणारच. तीन-चार दिवस नेहमीचा भरडा पाण्यात भिजवून सरबरीत करून, थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा. सोबत उकडलेल्या अंड्याचा चुरा. कोंबडीला अंडं कसं घालायचं असा प्रश्न पडला असेल तर मनातून काढून टाका, तिला चालतं आणि त्या वेळी तिला ते हवंच असतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर खाण्याचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील तेच. रोज सकाळी गळ्याला हात लावायचा आणि ताणकाट्याला पिशवीत घालून वजन करायचं. एकदा ताणलेली पिशवी थोडे दिवस सुस्त असते, पुन्हा तुंबायला वेळ लागत नाही.

ती नीट खायला लागली की खडे. तुमच्याकडे सगळी जांभ्याची माती. जांभा मऊ, पेठ्यात लगेच झिजून भुगा होतो. काळ्या दगडाची बारीक कच, दोन ते चार मिलिमीटरची, चाळून आणि धुऊन एका वाटीत कायम ठेवा. किती खायचे ते कोंबडीला कळतं. कोकणात शिंपल्यांचा चुरा घालायची पद्धत आहे, तो चांगलाच, पण तो अंड्याच्या कवचासाठी. पोटातल्या आम्लात शिंपला विरघळतो, दळणाच्या कामी येत नाही. दोन वाट्या ठेवा. हिरवा पाला देताना तो बोटभर लांबीचा कापून द्या. पावसानंतर परसात माजलेलं लांब पातीचं गवतही अशा तुंबण्याचं नेहमीचं कारण असतं. काथ्याची गादी, नारळाची सोडणं, काथ्याचं पायपुसणं, कुंड्यांना लावलेलं काथ्याचं अस्तर, सुतळी, माळांचे दोरे, हे सगळं बाकीच्या चौघींच्याही वाटेतून उचला.

राहिली अंडी. बाकीच्या चौघींची खुशाल खा, गळा तुंबणं हा काही पसरणारा रोग नाही. तांबू बहुधा या दिवसांत घालणारच नाही, घातलंच तर नुसतं तेल-पाणी चालू असेपर्यंत तेही खाता येईल. डॉक्टरांनी बुरशीचं, जंताचं किंवा अँटिबायोटिक औषध दिलं तर अंडी किती दिवस टाकून द्यायची ते त्यांनाच विचारा, औषधागणिक मुदत बदलते. ती टाकायची अंडी बाकीच्या कोंबड्यांना उकडून घालू नका. आणि तांबूला हाताळल्यावर, तिचे कागद बदलल्यावर मुलीला साबणाने हात धुवायला लावा, कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या शिटेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. डॉक्टरांनी गळा उघडला तर आत काय निघालं ते मात्र मला कळवा.